लाल गोल आणि ऑफ तास

जपानमधल्या शाळेत नुकताच रुजू झालेला परदेशी शिक्षक मुलांच्या पहिल्या चाचणीचे पेपर तपासायला घेतो. लहानपणापासून जसे तपासलेले पाहिले, तसेच तो तपासतो. बरोबर उत्तरापुढे लाल शाईने बरोबरची खूण, चुकलेल्या शब्दाभोवती गोल. दुसऱ्या दिवशी पेपर वाटल्यावर पहिल्या रांगेतली मुलगी, जिची दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आहेत, कागदाकडे बघून मान खाली घालते. शेवटच्या रांगेतल्या मुलाला एकही स्पेलिंग धड जमलेलं नाही, पण तो शेजाऱ्यांना पेपर दाखवत सुटतो. शिक्षकाला काही उलगडा होत नाही. शेवटी वर्गावरच्या जपानी बाई जवळ येऊन हळूच सांगतात, इथे बरोबर उत्तराला गोल करतात.

त्या गोलाला म्हणतात 'मारु'. आपल्याकडची बरोबरची खूण तिथे चुकीसाठी वापरतात. काम फारच छान झालं असेल तर शिक्षक गोलात गोल काढत जातो आणि बाहेरून पाकळ्या लावतो. हा 'हानामारु', म्हणजे फुलाचा गोल. निबंधावर ते लाल फूल उमटलं की पहिलीतलं पोर वही छातीशी धरून घरी पळतं. गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार हे जपानी मुलांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की प्लेस्टेशनच्या बटणांचा अर्थही जपानमध्ये कितीतरी वर्षं तसाच होता.

परदेशी शिक्षक ही आता जपानी शाळेतली नवलाई राहिलेली नाही. १९८७ साली जपान सरकारने 'जेट' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. हल्ली पन्नासच्या आसपास देशांतले पाच हजारांवर लोक या योजनेत काम करतात आणि त्यातले बहुतेक 'एएलटी', म्हणजे सहायक भाषाशिक्षक असतात. पदवी हवी, पण अध्यापनाचं प्रशिक्षण असायलाच हवं असं नाही. करार एका वर्षाचा, वाढवत नेला तर पाच वर्षांपर्यंत. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तिसरी-चौथीला इंग्रजीची तोंडओळख सुरू झाली. त्यामुळे अगदी लहान गावातल्या प्राथमिक शाळेतही असा एखादा तरुण किंवा तरुणी हजेरी लावून जाते. कित्येकांच्या वाट्याला एकच शाळा येत नाही. सोमवारी इथे, मंगळवारी डोंगरापलीकडे, गुरुवारी तिसरीकडे.

शाळेत शिरताना पहिला धडा दारातच असतो. बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि आत घालायचे 'उवाबाकी', म्हणजे शाळेच्या आत वापरायचे हलके बूट, पायात चढवायचे. तास सुरू होताना त्या दिवसाची जबाबदारी असलेलं मूल मोठ्याने पुकारतं, "किरित्सु!" सगळे उभे राहतात. "रेई!" सगळे वाकतात. "चाकुसेकी!" सगळे बसतात. हे पुकारण्याची पाळी प्रत्येकावर येते. एरवी तोंडातून अक्षर न काढणाऱ्या मुलाचाही त्या दिवशी आवाज ऐकू येतो, आणि परदेशी शिक्षकाला तो बहुधा तिथेच पहिल्यांदा ऐकू येतो.

दुपारचं जेवण वर्गातच होतं. 'क्यूशोकु', शाळेचं जेवण. पाळी असलेली मुलं पांढरे झगे, टोप्या आणि मास्क घालून मोठी पातेली उचलून आणतात, सगळ्यांना वाढतात, आणि सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. बाकं जोडून चार-सहा जणांचे गट केलेले असतात. परदेशी शिक्षक आज या गटात, उद्या त्या गटात. मुख्याध्यापक तेच जेवण मुलांच्या आधी जेवून बघतात, काही बिघडलेलं असेल तर वेळेत कळावं म्हणून. एखादं मूल गैरहजर असलं की त्याच्या वाटणीचं पुडिंग उरतं, आणि त्यासाठी 'जान्केन' होते. जान्केन म्हणजे आपला दगड-कागद-कात्री. दहा-बारा हात एकदम पुढे येतात, हरलेले मुकाट्याने जागेवर जातात, जिंकलेला पुडिंग घेऊन जातो. भांडण नाही, रुसवा नाही. नव्या शिक्षकाला इथे एक किल्ली सापडते. फळ्यापाशी येऊन इंग्रजीत वाक्य कोण बोलणार, या प्रश्नावर जो वर्ग दगडासारखा बसतो, तोच वर्ग जान्केनने ठरवलं की हसत उठतो. कारण मग कुणी पुढे पुढे केलेलं नसतं, फक्त पाळी आलेली असते.

त्या दगडासारख्या बसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याने सगळ्यात जास्त शिक्षक हवालदिल होतात. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात शिकलेल्या माणसाला प्रश्नानंतर तीन सेकंदांची शांतताही जड जाते. जपानी वर्गात नाव घेऊन विचारलेलं मूल आधी शेजाऱ्याकडे बघतं, दोघं कुजबुजतात, मागचाही त्यात सामील होतो, आणि मग तिघांनी मिळून ठरवलेलं उत्तर एकाच्या तोंडून बाहेर पडतं. सुरुवातीला ही कॉपी वाटते. पण जेवण मिळून वाढणाऱ्या, झाडू-फडकं घेऊन वर्ग आणि व्हरांडे रोज मिळून साफ करणाऱ्या मुलांनी उत्तरही मिळून द्यावं, यात विसंगत असं काहीच नाही. ज्या शिक्षकाला एवढं उमगतं, तो प्रश्न टाकून थांबायला शिकतो. थांबणं हा त्या शाळांमधला अर्धा धडा आहे असं म्हटलं तरी चालेल.

उच्चारांचं प्रकरण तर मराठी वाचकाला घरचं वाटेल. जपानीत अक्षरं बहुधा स्वरावर संपतात, जोडाक्षरांची सवय नाही. त्यामुळे 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं आणि इंग्रजीत एका दमात संपणारा 'स्ट्राइक' तिथे 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच ठोक्यांचा होतो. आपल्याकडे 'स्कूल'चं 'इस्कूल' आणि 'स्टेशन'चं 'ठेसन' झालं, त्यातलाच हा प्रकार. र आणि ल यांच्यात जपानी कान फरक करत नाही, तिथे दोन्हींच्या मधला एकच ध्वनी आहे. उलट 'त्सुनामी'तला 'त्सु' म्हणताना इंग्रजी बोलणारा अडखळतो आणि मराठी माणूस सहज म्हणून जातो, कारण 'चूल' आणि 'चमचा' यातला च त्याच्या जिभेवर आधीच असतो. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात.

आणखी एक दुवा फार जुना आहे. जपानी मुलं आपली अक्षरं ज्या क्रमाने पाठ करतात तो असा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. 'सा'च्या जागी च आणि 'हा'च्या जागी प ठेवून बघा, जपानीतला ह एके काळी प असाच होता. आपल्या वर्णमालेचाच क्रम समोर उभा राहतो. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृतचा जो अभ्यास केला, त्यातून हा क्रम तिथे रुजला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता, आणि नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ मध्ये त्याच्याच हातून उघडले गेले. परदेशातून येऊन जपानला शिकवणाऱ्यांची परंपरा अशी बाराशे वर्षांहून जुनी आहे.

आता त्या ऑफ तासाकडे वळू. सहायक शिक्षकाला दिवसाला तीन-चार तास असतात, कधी एखादाच. उरलेला वेळ तो शिक्षकांच्या खोलीत, 'शोकुइन-शित्सु'मध्ये, आपल्या टेबलाशी बसून असतो. तिथली टेबलं एकमेकांना जोडून बेटांसारखी मांडलेली असतात, त्यामुळे समोरच्याचा चेहरा दिवसभर नजरेसमोर. जुलैअखेरीपासून ऑगस्टभर मुलांना सुट्टी असते, पण शिक्षक येतच राहतात आणि करार असेल तर परदेशी शिक्षकही येतो. बाहेर सिकाडा किडे कर्कश ओरडत असतात, मैदानावर बेसबॉलचा सराव चालू असतो आणि त्याच्यापुढे कोरा कागद.

अशा वेळी माणूस बघायला लागतो. दुसऱ्या गावाला जाऊन आलेला प्रत्येक जण खाऊचा डबा आणतो आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक तुकडा ठेवून जातो, हे त्याला दिसतं. आधी घरी निघणारा "ओसाकी नि शित्सुरेई शिमासु", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा, असं म्हटल्याशिवाय उठत नाही. पाचाची मोजणी करताना फळ्यावर आपल्यासारख्या चार उभ्या आणि एक आडवी रेघ मारत नाहीत, 正 हे पाच रेघांचं अक्षर एकेका रेघेने पुरं करतात. 'मी' म्हणताना बोट छातीकडे जात नाही, नाकाकडे जातं. बोटांवर मोजताना उघडा पंजा मिटत जातो. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण महिनोन्महिने बघत राहिलं की त्यातून एका समाजाची वीण दिसू लागते.

या बघण्याला साहित्यात मानाचं स्थान मिळवून दिलं ते लाफ्काडिओ हर्न यांनी. १८५० साली ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर जन्म, आई ग्रीक, वडील आयरिश, डावा डोळा शाळकरी वयात अपघाताने गेलेला. अमेरिकेत पत्रकारी करून १८९० मध्ये ते जपानला आले आणि जपानी समुद्राकडच्या मात्सुए या गावात इंग्रजीचे शिक्षक झाले. गावाने त्यांचं नाव 'हेरुन' असं लिहिलं आणि तेच रूढ झालं. तिथे ते सव्वा वर्षच राहिले, कारण मात्सुएची थंडी त्यांना सोसेना. पण १८९४ साली आलेल्या त्यांच्या जपानवरच्या पहिल्या मोठ्या पुस्तकात इंग्रजी शिक्षकाची रोजनिशी म्हणून एक प्रकरण आहे. त्यात मुलांचे निबंध आहेत, त्यांचे वाकून केलेले नमस्कार आहेत, आणि आजारपणात गेलेल्या विद्यार्थ्यांची आठवण आहे. शिकवून झाल्यावर हर्न मुलांना घरी बोलवत आणि ऐकत बसत. त्यांनी सेत्सु कोइझुमी यांच्याशी लग्न केलं, १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव स्वीकारलं. जपानी त्यांना कधी नीट वाचता आली नाही. सेत्सुबाई त्यांना भुताखेताच्या जुन्या गोष्टी मोडक्या, प्रत्यय गाळलेल्या जपानीत सांगत. नवरा-बायकोच्या या खास बोलीलाही 'हेरुन-सान कोतोबा' असं नाव पडलं. त्या गोष्टींतूनच १९०४ साली 'क्वाइदान' हा संग्रह तयार झाला. त्याआधी ते टोकियोच्या विद्यापीठात शिकवत; तिथून १९०३ मध्ये त्यांना जावं लागलं, तेव्हा विद्यार्थी अस्वस्थ झाले. त्यांच्या जागी आले नात्सुमे सोसेकी, पुढे जपानचे थोर कादंबरीकार झालेले. नव्या मास्तरांना वर्गाने सुरुवातीला स्वीकारलं नाही.

भारतातून गेलेल्या शिक्षकांची नावंही या गोष्टीत आहेत. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९०९ पासून काही वर्षं टोकियोत हिंदुस्तानी शिकवत होते. पुढे १९१५ मध्ये काबूलला स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे ते पंतप्रधान झाले. आणि अगदी अलीकडे, महाराष्ट्रातून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक आधी २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्यात, त्यामुळे ही वाट आता आपल्या ओळखीची आहे.

मार्चअखेरीला जपानी शाळांत बदल्या होतात. बदल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून येते. वर्षभर समोर बसलेले बाई किंवा सर आठवडाभरात सामान बांधून दुसऱ्या गावी जातात, एप्रिलमध्ये त्यांच्या खुर्चीत नवा चेहरा. जेटचा करार उन्हाळ्यात सुरू होतो, त्यामुळे त्या दिवसांत परदेशी शिक्षक मात्र आपल्या जागी तसाच असतो. ज्या शाळेत तो स्वतःला पाहुणा समजत होता, तिथल्या जुन्या मंडळींत तो अचानक मोजला जातो. नव्या सरांना चहाचे कप कुठे ठेवलेत हे तोच दाखवतो.

११ मार्च २०११ हा दिवसही अशाच वर्षअखेरीचा होता. त्या दिवशीच्या त्सुनामीत जेटच्या दोन तरुण अमेरिकन शिक्षकांचा जीव गेला, एक रिकुझेनताकाता इथला, दुसरी इशिनोमाकीतली चोवीस वर्षांची मुलगी. भूकंपानंतर शाळेतली मुलं सुखरूप पालकांच्या हाती गेल्यावर ती सायकलवरून घरी निघाली होती. तिच्या आईवडिलांनी पुढे तिने शिकवलेल्या शाळांना इंग्रजी पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पुस्तकं ठेवायला लाकडी कपाटं हवी होती. ती गावातल्याच एका सुताराने बनवली. त्याची तिन्ही मुलं त्याच लाटेत गेली होती, आणि ती मुलं याच शिक्षिकेकडे इंग्रजी शिकली होती.