आडवाटेचे वाहन : भार, पाणी आणि निगा

पैनगंगेच्या काठचा किनवट तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेच्या वेळी, आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला. सागाची जंगले, डोंगरउतारावरील गोंड, कोलाम व आंध वस्त्या, बंजारा तांडे आणि त्यांना मुख्य रस्त्यापर्यंत आणणाऱ्या पांदणी असे या मुलखाचे रूप आहे. गेल्या काही दशकांत डांबरी रस्ते पुष्कळ झाले. तथापि इस्लापूर, शिवणी, मांडवी या बाजूस काम केलेल्या कर्मचाऱ्यास शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांची अडचण सांगावयास नको. प्रसूतीची वेळ भरलेली स्त्री, लसींची पेटी किंवा मतदानयंत्रे यांची खरी परीक्षा त्याच टप्प्यात होते. म्हणूनच चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाविषयी येथे आस्था आहे. मात्र त्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत.

अशी वाहने ग्रामीण भागात प्रथम शासकीय कामानिमित्तच आली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जोडणी होऊ लागली, २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकासगटाची जीप खेडोपाडी दिसू लागली. पुढे युनिसेफने दिलेल्या जीपगाड्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या आकाराच्या प्रत्येक गाडीस लोक ‘जीप’च म्हणतात. प्रत्यक्षात तशा दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांची केवळ मागची चाके इंजिनाला जोडलेली असतात. जुनी गाडी घेताना वाकून पुढच्या आसाखाली पाहावे. मागच्या आसाच्या मध्यभागी असतो तसा गोल फुगवटा, म्हणजे डिफरन्शियल, तेथे नसेल, तर ती गाडी दोन चाकांचीच होय, मग विकणारा काहीही सांगो.

यंत्रणेचे सामर्थ्य आणि मर्यादा

डिफरन्शियलमुळे वळणावर डावे-उजवे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकते. त्याचा दोष असा की एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले, की शक्ती तिकडेच वाया जाते. पुढचा आस जोडल्याने आणखी दोन चाकांचा आधार मिळतो; परंतु पुढचे एक आणि मागचे एक चाक मोकळे झाले, तर साधी चौचाकी गाडीही जागच्या जागी थांबते. काळ्या मातीत हे नेहमी घडते. ही माती पाण्याने फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की नवा टायर आणि गुळगुळीत टायर यांत फारसा फरक उरत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून चाके खोल रुतविण्यापेक्षा खाली उतरून चाकांपुढची माती काढणे आणि दगड-मुरूम टाकणे श्रेयस्कर. लो गिअर अवघड जागी हळू व स्थिर चालण्यासाठी असतो, वेगासाठी नव्हे.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढचा आस जोडून ठेवू नये. वळताना पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. त्याचा ताण ट्रान्सफर गिअरबॉक्सवर व शाफ्टवर येतो. ब्रेकच्या बाबतीत तर अशा वाहनास कोणताही अधिक लाभ नाही. उतारावरची निसरडी वाट त्याला तितकीच घातक.

गाडी भरण्याची विद्या

बैलगाडी भरणारा शेतकरी गाडी उलार होऊ देत नाही, आणि जुवावर फार भारही येऊ देत नाही. ही समज मोटारीच्या बाबतीत का सुटते, हे एक कोडेच आहे. जड वस्तू तळाशी व दोन्ही आसांच्या दरम्यान हवी, आणि ती दोराने घट्ट बांधलेली हवी. मागे टोकाशी भार गेला की पुढची चाके हलकी होतात, सुकाणू सैल पडते. टपावर पोती चढविली की गाडीचा तोल वर जातो आणि तिरप्या वाटेवर ती कलंडते.

समजा, एका वाहनाची मंजूर भारक्षमता ५०० किलो आहे. चालकासह सात माणसे बसली, प्रत्येकी ६० किलो धरले, तरी ४२० किलो तेथेच संपले. उरलेल्या ८० किलोंत खताचे ५० किलोंचे एक पोते आणि अवजारांची पेटी एवढेच मावते. २०० लिटर पाण्याचे पिंप ठेवावयाचे तर तीन माणसांनी उतरावे. कापसाने भरलेली गाडी डोळ्यांना भरगच्च दिसते. खताची अर्धी भरलेली गाडी तिच्याहून जड असू शकते. म्हणून नजरेवर विसंबू नये, वजनावर विसंबावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मालवाहू वाहनात जादा भार आढळल्यास २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. परंतु चढावर तुटलेला पाटा त्याहून महाग पडतो, विशेषतः आत रुग्ण असेल तर.

पाणी

ओढ्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असता ‘चौचाकी आहे, निघेल’ हा विचार जीवघेणा आहे. वाहते पाणी सुमारे ३० सेंटिमीटर खोल असले तरी हलके वाहन तरंगू लागते, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. जमिनीवरची पकडच सुटल्यावर किती चाके फिरतात याला अर्थ राहत नाही. रिकामे मोठे वाहन येथे भरलेल्या वाहनाहून सुरक्षित नसते. डोंगरातला ओढा जसा झपाट्याने चढतो तसाच पुष्कळदा काही तासांत ओसरतोही. तोवर अलीकडच्या काठावर थांबावे. गरोदर स्त्रीस पावसाळ्यात दिवस भरण्याआधीच रस्त्यालगतच्या गावी किंवा रुग्णालयात आणून ठेवणे हे कोणत्याही वाहनापेक्षा खात्रीचे साधन आहे, आणि ते आशा कार्यकर्तीच्या व पंचायतीच्या हाती आहे.

उथळ, संथ पाण्यातून जाणे झालेच, तर पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालावे म्हणजे ते सुकतात. तापलेला आस पाण्यात एकदम थंड होतो आणि सीलमधून पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर बदलावे.

निगेची इतर कामे साधी आहेत, पण ती कोणाचीच नसतात. शासकीय वाहनाचा चालक बदलतो, नोंदवहीत किलोमीटर उतरतात, ग्रीसची नोंद कोठेच नसते. शाफ्टच्या सांध्यांना ठरावीक काळाने ग्रीस द्यावे. चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत. उन्हाळ्याच्या फुफाट्यात हवेची जाळी वरचेवर झाडावी. आणि महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर पुढचा आस जोडून थोडे अंतर गाडी चालवावी, म्हणजे आतील भागांना तेल पोहोचते. वर्षभर न हललेला तो दांडा आषाढात, चिखलात अडकल्यावर हलत नाही, हा अनेक चालकांचा अनुभव आहे.

पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. नवे वाहन मागताना प्रस्तावात बारमाही रस्त्याविना असलेल्या वस्त्यांची यादी जोडावी. ती यादी आखूड निघाली, तर दोन चाकांची साधी गाडी आणि दोन रपट्यांची दुरुस्ती कदाचित अधिक उपयोगी पडेल.