त्रिशरण पाठ, पण हाकेला ओ नाही

वस्त्यांमधून फिरताना आया आम्हांला एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी सांगतात. पोरगं तीन वर्षांचं झालं. विहारात ऐकलेलं त्रिशरण चालीसकट म्हणतं, टीव्हीवरची जाहिरात जशीच्या तशी म्हणतं. पण तहान लागली तर 'पाणी दे' म्हणत नाही, आईचा हात धरून माठापाशी नेतं. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. दिवसभर खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसतं.

आजी म्हणते, 'ह्याचा बापसुद्धा उशिरा बोलला.' शेजारीण म्हणते, 'बाहेरचं बघून घ्या.' कुणी म्हणतं, आई दिवसभर विड्या वळते, पोराशी बोलणार कधी? अशा बोलण्यात दोन-तीन वर्षं निघून जातात. मेंदूची वाढ सर्वांत वेगानं होते ती याच वर्षांत. मदत लवकर मिळाली तर मूल बोलायला, मागायला, मिसळायला अधिक शिकतं. म्हणून ही वर्षं वाया जाऊ देऊ नयेत.

या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. हे बाहेरचं नाही, मागच्या जन्माचं पाप नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. आईच्या कोरडेपणामुळे असं होतं, असं एके काळी अमेरिकेतले मोठे तज्ज्ञही म्हणत. ते चूक असल्याचं १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून मांडलं. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. गोवराच्या लसीमुळे ऑटिझम होतो, हीसुद्धा अफवाच. १९९८ साली छापलेला तो लेख लॅन्सेट या नियतकालिकानं २०१० साली मागे घेतला. लस चुकवू नका.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन्ही समाजांचं दुःख एकमेकांना कळणारं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आईबापांना पहिली शंका आल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. निदान झालं तेव्हा मुलं सरासरी पाच वर्षांच्या पुढे होती. आईबापांनी उशीर केला नव्हता, त्यांनी वेळेवर सांगितलं होतं. म्हणून तिथल्या पालकांनी एकत्र येऊन डॉक्टरांशी आणि शाळेशी ठामपणे कसं बोलायचं, ते एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडेही 'झोपडपट्टीतलं पोर, वळणच नाही' असं म्हणून विषय संपवणारे भेटतात. तेव्हा गप्प बसू नका.

कधी सावध व्हायचं?

वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत नाही, दाखवत नाही. दोन वर्षांचं मूल स्वतःचे दोन शब्द जोडून बोलत नाही. आधी येणारे शब्द बंद झाले, तर वय कितीही असो, थांबू नका. कुकरच्या शिट्टीला कान झाकणं, वस्तू रांगेत लावत बसणं, हात फडफडवणं, रोजच्या गोष्टीत बदल झाला की आकांत करणं, याही खुणा आहेत. एका खुणेवरून ऑटिझम ठरत नाही. पण तपासणी करायलाच हवी, आणि त्यात कानांची तपासणी आधी.

जायचं कुठं?

अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. ते पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतं आणि पुढचे उपचार मोफत असतात. सोलापुरात सिव्हिलच्या बालरोग विभागात थेटही दाखवता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, की ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. जवळच्या शाळेला मूल नाकारता येत नाही. केंद्राच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

जाताना मोबाइलवर मुलाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा: जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. दवाखान्यात मूल घाबरतं, घरातलं वागणं तिथं दिसत नाही. घरात कुठले शब्द वापरता तेही सांगा. चित्रातलं जहाज ओळखलं नाही म्हणून मूल मागे ठरत नाही. त्यानं जहाज पाहिलेलंच नसतं. त्याला तवा, सूप, रिक्षा दाखवायला सांगा. आणि घरी आपली बोली सोडू नका. मराठी, कन्नड, तेलुगू, जी घरची भाषा असेल तिच्यातच बोला. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही.

घरी काय करायचं?

गोव्यातल्या संगाथ संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या तज्ज्ञांनी मिळून एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी खेळायला शिकवलं. २०१६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. रीत साधी आहे. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा. ते ज्यात रमलंय त्यातच सामील व्हा. एक-दोन शब्द बोला आणि थांबा. भाकरी करताना हातात पिठाचा गोळा द्या, 'थाप' म्हणा, मग त्याच्याकडे बघत वाट पाहा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. तीही एकट्या आईच्या माथी नकोत. बाप, आजी, मोठी ताई यांनी वाटून घ्यावीत.

विहार आणि मंडळांना विनंती

वंदनेला असं मूल उठून फिरलं, ओरडलं, तर आईकडे वळून बघू नका. दाराजवळ तिच्यासाठी जागा ठेवा. १४ एप्रिलला डीजेच्या आवाजानं या मुलांचे हाल होतात. घराजवळून मिरवणूक जाताना तरी आवाज कमी करा. अशा मुलाला पुतळ्याच्या दर्शनाला गर्दी नसताना, पहाटे न्या. महिला मंडळानं महिन्यातून एकदा या आयांची बैठक घ्यावी. सिव्हिलला जायच्या दिवशी एकीची मजुरी बुडते, दुसरं मूल सांभाळायला कुणी नसतं. ते सांभाळायला शेजारीण पुढे आली, तर तपासणीची तारीख चुकत नाही.

आपल्या गल्लीत असं मूल असेल, तर या आठवड्यातच त्याच्या आईला अंगणवाडीत घेऊन जा. जय भीम!