काट्यावरचा ऊस आणि रस्त्यावरचा ऊस

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे!) उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तेव्हा ऊस बैलगाडीत बसे. आज एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत असतात.

कायदा मोठा काटेकोर. रुंदी २.६ मीटरपर्यंतच. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनाला २० हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार. मोळ्या बाजूंना बाहेर आल्या तरी २० हजार! संशय आल्यास अधिकाऱ्याने गाडी काट्यावर न्यावी. मात्र तो काटा पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत हवा.

आता गंमत पाहा. उसाच्या गाडीचा मुक्कामच मुळी काट्यावर! कारखान्यात ट्रॉली भरलेली तोलतात, रिकामी तोलतात, नि पावती फाडतात. वाहतुकीचे पैसेही टनावरच. मग आणखी चार मोळ्या कोण सोडील? जादा भार शोधायला रस्त्यात उभे कशाला राहायचे? पावत्यांची चळत चाळली की झाले.

रात्री मागचे लाल दिवे वाढ्यांआड दडतात. माझे निम्मे विद्यार्थी खेड्यांतून दुचाकीवर येतात. हंगामात मी शेवटचा तास उजेडीच सोडतो.