चोर आणि साव : घेण्याचे काही शब्द

चोरी हा विषय व्याख्यानमालेला शोभेल काय, अशी शंका आमच्या एका मित्रांनी काढली. आम्ही म्हणालो, चोरी शोभत नाही हे खरे. पण चोरीचे शब्द आपण सारेच सकाळपासून रात्रीपर्यंत वापरतो, तेव्हा त्यांचा हिशेब एकदा पाहण्यास हरकत नसावी. आम्ही भाषापंडित नव्हे. कामगारांच्या सभा, कारखान्यांच्या नोंदवह्या आणि कामगार न्यायालयाचे व्हरांडे, एवढीच आमची शाळा. या शाळेत एक धडा मात्र फार लवकर मिळाला. काय घेतले याहून कोणी घेतले, यावरच घेण्याचा शब्द पुष्कळदा ठरतो.

एक प्रसंग सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यात, सुटीच्या वेळी झडती घेताना, एका बाईच्या पदरात पसाभर सरकी सापडली. वहीत नोंद झाली : 'चोरी'. बाई कामावरून गेली. त्याच हंगामात तेथील बायांच्या हजेऱ्या दर आठवड्याला अर्धा दिवस कमी लागत होत्या. बायांनी घराच्या भिंतींवर कोळशाने रेघा ओढून दिवस मोजले होते. आम्ही हजेरीपत्रक मागून त्या रेघांशी ताडून पाहिले, तेव्हा चूक कबूल झाली. त्याच वहीत नोंद झाली : 'हिशेबातील फरक'. फरकाचे पैसे मिळाले. ती बाई मात्र परत आली नाही. सरकी घेणे योग्य होते, असे आम्ही तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. पण एकाच वहीत हे दोन शब्द कसे आले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेने या शब्दांच्या मर्यादा आखल्या, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले तरी त्या मर्यादा बहुतांशी तशाच आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविली, म्हणजे चोरी. भीती घालून द्यायला लावली, म्हणजे खंडणी. मारहाण किंवा तात्काळ मारहाणीचा धाक आला की जबरी चोरी. आणि पाच किंवा अधिक जण मिळून ती करू लागले की दरोडा. विश्वासाने सोपविलेली वस्तू गिळली तर विश्वासघात. खोटे सांगून काढून घेतली तर फसवणूक. उदाहरणार्थ, सायकल कुलूप तोडून नेली तर चोरी. दुरुस्तीला दिलेली सायकल दुकानदाराने परस्पर विकली तर विश्वासघात.

लोकांची भाषा कायद्यापेक्षा पुष्कळ श्रीमंत आहे. लांबविणे, ढापणे, लंपास करणे, हात मारणे, डल्ला मारणे, हडपणे, लुबाडणे, गंडा घालणे, टोपी घालणे. प्रत्येकाचा रंग वेगळा. चोरून नेणारा रात्री येतो, लुबाडणारा दिवसाढवळ्या, आणि गंडा घालणारा तर चहा पाजून. हाच शब्द लाडातही येतो. बाळकृष्णाला आपण कौतुकाने माखनचोर म्हणतो. काही शब्द वाटेत बदलले. 'तस्कर' म्हणजे संस्कृतात साधा चोर; आज तो सीमेवरून चोरटा माल आणणारा झाला. 'खंडणी' ही एके काळी राज्याने राज्याकडून घेतलेली ठरीव रक्कम होती, तिची लाज कोणाला नव्हती. आज ती गुंडाने दुकानदाराकडून घेतलेली रक्कम आहे. 'अफरातफर' हा शब्द अरबी-फारसीतून आला; मूळ अर्थ कमीजास्त होणे. सरकारी पैसा खाल्ला गेला की वर्तमानपत्रे आजही हाच शब्द वापरतात. कोणी घेतले नाही, नुसते कमीजास्त झाले!

याच्या उलट टोकाला असलेले शब्द पाहा. 'भामटा' आणि 'उचल्या' हे शब्द आपण सहज तोंडातून काढतो. पण ती माणसांच्या जमातींची नावेही आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मलेल्या मुलालाही चोर ठरविले. स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. कायदा गेला, शब्द राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला 'उचल्या' हेच नाव दिले, तेव्हा त्या शब्दाखाली माणूस आहे हे पांढरपेशा वाचकाला कळले. आपल्या जिल्ह्यातही, एखादे पाकीट हरवले की पारध्याच्या पालाकडे पहिली नजर जाते. तेथे शब्द अगोदर लागतो, आणि पुरावा मागाहून शोधला जातो.

आता बाजारात येऊ. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. कापसाचा बाजार वाढला तसे त्यातील घेण्याचे शब्दही वाढले : कडता, कट्टी, धर्मादाय, नमुना. मापाऱ्याने तराजूची दांडी मारली, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरला, आणि गाडीवाल्या शेतकऱ्याच्या हाती आले ते मोजून घरी जायचे. 'मापात पाप' ही म्हण उगीच जन्मली नाही. पण शेतकरी गाडीतला दगड कापसाखाली लपवील तर लबाड. त्याच्या मणामागून काही शेर वजा झाले तर ती बाजाराची 'रीत'. या रीतीला आवर घालण्यासाठी १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा आला. रीतीला कायद्याने नाव ठेवले, तेव्हाच ती पकडता आली, हे ध्यानात घ्यावे.

मजुरीच्या बाबतीत मात्र आपली भाषा अजून मुकी आहे. काम टाळणाऱ्याला 'कामचोर' हा शब्द तयार आहे, 'अंगचोर'ही आहे. काम करवून दाम न देणाऱ्याला शब्द नाही. तेथे आपण म्हणतो, 'मजुरी बुडाली'. जणू ती आपल्या पायांनी विहिरीत गेली. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणारा मजूर आगाऊ पैसे घेतो, ती 'उचल'. हंगामाअखेर ती फिटत का नाही, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो.

कायद्याचेही तसेच. न दिलेली मजुरी चोरीच्या व्याख्येत बसत नाही, कारण चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवावी लागते, आणि मजुराची मजुरी त्याच्या ताब्यात आलेलीच नसते! घाम ताब्यात होता, तो गेला. पण घाम ही जंगम वस्तू नव्हे. म्हणून १९३६ साली मजुरी देण्याविषयी निराळा कायदा करावा लागला. कोणत्या कपाती चालतील याची त्यात यादी दिली, आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा असे बंधन घातले. तरीही यादीबाहेरच्या कपातीला नाव मिळाले ते 'अनधिकृत', चोरी नव्हे. अलीकडे परदेशांतील कामगार संघटनांनी 'मजुरीची चोरी' हा शब्द रूढ केला. आणि ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी वेतन देणे हा फौजदारी गुन्हा झाला. आधी शब्द आला, मग कलम आले.

चोराच्या विरुद्ध आपण 'साव' म्हणतो. साव म्हणजे साधू, सरळ माणूस. आणि 'सावकार' हा शब्दही त्याच घराण्यातला. सावकाराच्या वहीखाली ज्याची जमीन गेली, त्याला या नात्याचे हसू येईल की रडू, ते आपणच ठरवावे. सगळेच मालक चोर आणि सगळेच मजूर साव, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. आमच्या संघटनेची वर्गणी खाणाऱ्यालाही आम्ही 'हिशेबातील फरक' म्हणून सोडलेले नाही. आमचे मागणे एवढेच की, वजन जसे सर्वांना एकच असावे, तसा शब्दही एकच असावा. पसाभर सरकीला जो शब्द लागला, तो अर्ध्या दिवसाच्या हजेरीलाही लावून पाहावा. शब्द जड वाटला, तर दोन्ही पारड्यांतून उतरवावा. एकाच पारड्यात ठेवू नये.