दोन जाळ्यांमधील वाटाड्या

एखाद्या कार्यालयातील संगणक परस्परांस जोडले म्हणजे त्यांचे एक जाळे तयार होते. परंतु निरनिराळ्या प्रकारची दोन जाळी एकत्र आणावयाची असल्यास नुसती तार जोडून भागत नाही. ब्रॉडगेज लोहमार्गास मीटरगेज मार्ग येऊन मिळाला, तरी डबे एकावरून दुसऱ्यावर जात नाहीत. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. जाळ्यांच्या सांध्यावर हे काम करणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. आपण त्यास वाटाड्या म्हणू.

इ. स. १९८५ नंतरच्या काही वर्षांत हा प्रश्न फार निकडीचा झाला होता. एका मजल्यावर इथरनेट, तर दुसऱ्यावर आयबीएमचे टोकन रिंग, अशी स्थिती अनेक मोठ्या कार्यालयांत असे. त्या काळच्या इथरनेटमध्ये मार्ग मोकळा दिसताच कोणताही संगणक बोलू लागे. दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करीत. टोकन रिंगमध्ये मात्र एक खूण सर्वांमधून फिरत असे, आणि ती हाती आल्यावाचून कोणी बोलावयाचे नसे.

संदेशाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा जणू पाकिटात घालून पाठविला जातो. वाटाड्या बाहेरचे पाकीट काढतो, आतील तुकड्यावरचा अंतिम पत्ता वाचतो, आपल्या कोष्टकात पुढची वाट शोधतो आणि पलीकडच्या जाळ्याच्या रीतीचे नवे पाकीट चढवितो. मजकुराशी त्यास कर्तव्य नसते.

असे यंत्र निवडताना मनुष्य बहुधा वेगाचा आकडा प्रथम पाहतो. माझ्या मते तो प्रश्न दुसरा होय. यंत्रास दोन्ही बाजूंच्या भाषा येतात काय, हा पहिला. त्या काळी नॉव्हेलची आयपीएक्स, ॲपलची ॲपलटॉक व आयपी अशा अनेक भाषा एकाच इमारतीत नांदत. अनेक भाषा जाणणारा वाटाड्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम यीगर यांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सिद्ध केला होता. पुढे आयपीने इतरांस मागे टाकले. आज तिच्या चौथ्या व सहाव्या आवृत्त्या दोन्ही समजणे एवढे पुरते.

आकारमानाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. इथरनेटच्या पाकिटात सामान्यतः १५०० बाइट मावतात. टोकन रिंगच्या पाकिटात त्याच्या सुमारे तिप्पट मावत. मोठा तुकडा लहान पाकिटात कसा जावा? चौथ्या आवृत्तीत वाटाड्या त्याचे आणखी भाग करू शकतो. पण ‘तोडू नये’ अशी खूण असल्यास तो तुकडा टाकून देतो आणि पाठविणाऱ्यास तशी सूचना धाडतो. सहाव्या आवृत्तीत तर वाटाड्याने तुकडा तोडावयाचाच नाही. आता ही सूचना वाटेतील एखाद्या पहारेकरी यंत्राने अडविली, तर मोठा विलक्षण दोष उत्पन्न होतो. लहान पत्रे पोहोचतात. मोठी फाइल निघते आणि नाहीशी होते. जोडणी ठीक आहे असेच सर्वांस वाटत राहते!

टोकन रिंग आज कार्यालयांतून जवळजवळ लुप्त झाले आहे. तरी दूरच्या दोन शाखा गुप्त मार्गाने जोडताना मूळ पाकिटावर आणखी एक वेष्टन चढते, आतली जागा कमी होते, आणि तोच दोष पुन्हा डोके वर काढतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी ते दोन जाळ्यांमध्ये बसवून १५०० बाइटांचा, ‘तोडू नये’ अशी खूण केलेला तुकडा या टोकाकडून त्या टोकास पाठवावा, आणि तो पोहोचतो, की निदान सूचना तरी परत येते, हे पाहावे.