सत्काराच्या यादीत नसलेला फिटर

येत्या 4 डिसेंबरला नौदल दिन. 1971 च्या कराची हल्ल्याच्या आठवणी पुन्हा छापून येतील, तालुक्यातालुक्यांत माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिलं जाईल. आपल्या वाशीतही ते थाटात व्हावं. माझं मागणं एवढंच, की त्या व्यासपीठावर मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात हयात घालवलेल्या माणसालाही खुर्ची मिळावी.

ती आपोआप मिळत नाही. डॉकयार्डातला फिटर किंवा वेल्डर संरक्षण खात्यात असतो, पण मुलकी कर्मचारी म्हणून. निवृत्तीनंतर तो ‘माजी सैनिक’ ठरत नाही, म्हणून सत्कारासाठी माजी सैनिकांची यादी काढली की त्यात त्याचं नाव सापडत नाही. तीस-पस्तीस वर्षं लायन गेटमधून आत-बाहेर केलेला माणूस गावी परततो, आणि गावाच्या लेखी तो नुसता ‘मुंबईला नोकरीला होता’. हे मला मनापासून खटकतं.

त्याचं काम काय असतं ते बघा. जहाज सुक्या गोदीत घ्यायच्या आधी तळाशी ठोकळे मांडतात. जसं जहाजाचं बूड, तशी ठोकळ्यांची मांडणी. मग गोदीत पाणी सोडायचं, दार उघडून जहाज आत ओढायचं, दार लावून पंप सुरू करायचे. पाणी उतरेल तसं हजारो टनांचं धूड हळूहळू खाली येतं आणि त्या ठोकळ्यांवर टेकतं. पाणबुडे खाली जाऊन ते नीट बसलंय का ते पाहतात. पाणी आटलं की खरं काम सुरू. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पत्र्याची जाडी मोजायची, गंजाने पातळ झालेला तुकडा कापून नवा जोडायचा, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा एकेक करून उघडायच्या. वेल्डरला अंग चोरून बंद टाकीत शिरावं लागतं. बाहेर मुंबईचा उकाडा, आत झाळेचा धूर. विहिरीवरचं इंजिन भर उन्हात उघडून बसलेल्या आपल्या माणसाला यातलं निम्मं तरी न सांगता कळेल.

यात चूक चालत नाही. 5 डिसेंबर 2016 रोजी याच डॉकयार्डात गोदीतून बाहेर काढताना ‘आयएनएस बेतवा’ ही युद्धनौका कुशीवर कोसळली. दोन नौसैनिकांचा जीव गेला. पुढे 2017 च्या फेब्रुवारीत ती सरळ उभी केली गेली, दुरुस्त झाली आणि पुन्हा समुद्रात गेली.

1971 ची विमानवाहू ‘विक्रांत’ आठवते, ती तिच्यावरून उडालेल्या विमानांमुळे. पण युद्धाआधी तिच्या बॉयलरच्या ड्रमना चिरा पडल्या होत्या. वेल्डिंगने त्या भरून निघेनात, नवे ड्रम देशात मिळेनात, ब्रिटनकडे मागणी गेली. तरीही कमी वाफेवर, कमी वेगाने ती चालती ठेवली गेली आणि डिसेंबरात तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. वैमानिकांना मिळालेली शौर्यपदकं योग्यच होती. पण जहाज बंदरातच पडून राहिलं असतं, तर ती विमानं उडाली कुठून असती?

या गोदीची परंपरा 1735 पासूनची. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले तेव्हापासूनची. वाडियांच्या हातचं, 1817 साली मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. या घराण्यातल्या कारागिरांना ईस्ट इंडिया कंपनीने चांदीची मोजपट्टी देऊन गौरवलं होतं. मला हा मान फार आवडतो. माणूस ज्या हत्याराने काम करतो तेच त्याला चांदीत घडवून द्यायचं!

वाशीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथल्या मुलांना डॉकयार्ड कुठे आहे हे सांगणारं कुणी भेटत नाही. पण आयटीआय झालेल्या मुलांना तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. एका जुन्या फिटरने आयटीआयमध्ये तासभर सांगितलं, तर ते दहा माहितीपत्रकांपेक्षा जास्त कामाला येईल.

म्हणून वाशी, तेरखेडा, पारगाव आणि आसपासच्या वाचकांना विनंती. तुमच्या गावात डॉकयार्डातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्यांचं नाव नौदल दिनाच्या कार्यक्रमाआधी आयोजकांना कळवा. आणि पत्रिकेत नाव छापाल तेव्हा त्यांचा ट्रेडही छापा: फिटर, वेल्डर, बॉयलरमेकर.