मेर्क्स, एडी

मेर्क्स, एडी : (१७ जून १९४५ – ). बेल्जियमचा जगद्‌विख्यात व्यावसायिक सायकलपटू. संपूर्ण नाव एदुआर लुई जोझेफ मेर्क्स. रस्त्यावरील सायकल-शर्यतींच्या इतिहासात इतक्या भिन्न प्रकारच्या शर्यती इतक्या सातत्याने जिंकणारा दुसरा स्पर्धक झाला नाही, असे बहुतेक जाणकार मानतात. त्याचा जन्म ब्राबांट प्रांतातील मेन्सेल-कीझेगेम या फ्लेमिश खेड्यात झाला. तो वर्षाचा असताना त्याचे आईवडील ब्रूसेल्सच्या एका उपनगरात राहावयास आले व तेथे त्यांनी किराणा मालाचे दुकान चालविले. डच व फ्रेंच या दोन भाषांच्या वादाने दुभंगलेल्या बेल्जियममध्ये फ्लेमिश घराण्यातील, परंतु फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीत वाढलेला हा मुलगा पुढे दोन्ही भाषिक गटांना आपलासा वाटला, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण होय. शाळेत त्याचे मन रमले नाही. जुलै १९६१ मध्ये तो पहिल्या शर्यतीत उतरला व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने पहिली शर्यत जिंकली. १९६४ मध्ये सालांश (फ्रान्स) येथे तो हौशी गटाचा जगज्जेता झाला. त्याच वर्षीच्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मात्र रस्त्यावरील शर्यतीत त्याला बाराव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

मेर्क्सच्या कारकीर्दीचे महत्त्व कळण्यासाठी व्यावसायिक सायकलपटूच्या वर्षाची घडण समजून घेणे आवश्यक आहे. यूरोपमध्ये हा हंगाम फेब्रुवारी–मार्चमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. त्यातील शर्यती मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली जात एकदिवसीय शर्यतींची. त्यांपैकी जुन्या व प्रतिष्ठित शर्यतींना ‘क्लासिक’ म्हणतात व त्यांतही पाच शर्यती सर्वश्रेष्ठ मानल्या जातात : मिलान–सान रेमो (स्थापना १९०७), फ्लँडर्सची शर्यत (१९१३), पॅरिस–रूबे (१८९६), लीएझ–बास्तोन्य–लीएझ (१८९२) आणि लोंबार्डीची शर्यत (१९०५). या पाचही शर्यती सारख्या नाहीत. मिलान–सान रेमो ही जवळजवळ ३०० किमी.ची असून तिचा निर्णय बहुधा समुद्रकाठच्या अखेरच्या टेकड्यांवर लागतो. पॅरिस–रूबे ही उत्तर फ्रान्समधील ओबडधोबड दगडी रस्त्यांवरून जाते व तेथे ताकदीइतकेच नशीबही लागते. लीएझची शर्यत आर्देनच्या चढउतारांची, तर लोंबार्डीची शर्यत कोमो सरोवराच्या परिसरातील डोंगराळ मुलखाची असते. म्हणूनच दगडी रस्त्यांवर चालणारा दणकट स्पर्धक सहसा डोंगरात टिकत नाही आणि हलक्या अंगाचा, डोंगर चढणारा स्पर्धक रूबेच्या रस्त्यावर हैराण होतो.

दुसरी जात टप्प्यांच्या शर्यतींची. त्यांत टूर द फ्रान्स (१९०३), जीरो दीतालिया (१९०९) व स्पेनची व्हुएल्ता (१९३५) या सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या शर्यती प्रमुख होत. तिन्ही शर्यती वृत्तपत्रांनी खप वाढविण्याच्या हेतूने सुरू केल्या. टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याला मिळणारा पिवळा सदरा व जीरोमधील गुलाबी सदरा हे मूळ त्या त्या वृत्तपत्राच्या कागदाचे रंग. रोजच्या टप्प्याला लागलेल्या वेळाची बेरीज करून जो एकूण कमीत कमी वेळात अंतर तोडतो, तो अंतिम विजेता ठरतो. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकणे शक्य असते. गुणांसाठी आणि घाटांवरील प्रभुत्वासाठी वेगळी बक्षिसे असतात. मुंबई–पुणे शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब याच धर्तीचा आहे. यांखेरीज वर्षातून एकदा जागतिक अजिंक्यपदाची शर्यत होते. तिचा विजेता पुढील वर्षभर इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा वापरतो.

विजेत्याचे नाव एकट्याचे होत असले, तरी ही स्पर्धा सांघिक असते. पुढच्या सायकलच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम हवेचा विरोध घटल्यामुळे जवळजवळ एक-तृतीयांशाने वाचतात. म्हणून प्रत्येक संघात नायकाला वाऱ्यापासून आडोसा देणारे, त्याच्यासाठी पाणी आणणारे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले चाक काढून देणारे मदतनीस असतात. त्यांचे नाव निकालात क्वचितच वर दिसते. मेर्क्सचा दीर्घकाळचा सहकारी जोझेफ ब्रुयेर हा लीएझ–बास्तोन्य–लीएझ दोनदा जिंकण्याइतका समर्थ होता, तरी त्याची बहुतेक वर्षे मेर्क्सच्या सेवेत गेली. संघाचा खर्च एखादी व्यापारी कंपनी उचलते. मेर्क्स इटलीतील कॉफीयंत्रे बनविणाऱ्या फाएमा कंपनीकडे आणि नंतर (१९७१–७६) मोल्तेनी या मांसपदार्थ उत्पादकाकडे होता. तथापि त्या काळात स्पर्धकाचे उत्पन्न वेतनापेक्षा गावोगावच्या लहान शर्यतींच्या मानधनावर अधिक अवलंबून असे. टूर संपली, की नामवंत स्पर्धक रोज नव्या गावी जाऊन शर्यत करीत आणि हिवाळ्यात बंदिस्त धावपट्टीवरील सहा दिवसांच्या शर्यतींत भाग घेत. मेर्क्सने अशा १७ शर्यती जिंकल्या असून त्यांतील अनेकींत पाट्रिक सेर्क्यू हा त्याचा जोडीदार होता.

मेर्क्स १९६५ मध्ये व्यावसायिक झाला. पहिला संघ बेल्जियमचा तत्कालीन श्रेष्ठ सायकलपटू रिक व्हान लोई याचा होता आणि तेथे नवख्याला वाव नव्हता. पुढल्याच वर्षी तो फ्रान्सच्या प्यूझो संघात गेला व विसाव्या वर्षी मिलान–सान रेमो जिंकून त्याने आपले स्थान निश्चित केले. १९६७ मध्ये हेर्लेन (नेदर्लंड्स) येथे त्याने व्यावसायिकांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. याच वर्षी प्यूझो संघातील त्याचा सहकारी, इंग्लंडचा टॉम सिम्प्सन, टूरमध्ये माँ व्हाँतू या उघड्या-बोडक्या डोंगरावर उन्हाने, श्रमाने व उत्तेजक द्रव्यांच्या परिणामाने कोसळून मरण पावला. १९७० च्या टूरमध्ये तोच डोंगर चढताना मेर्क्सने सिम्प्सनच्या स्मारकाशी टोपी काढून अभिवादन केले. तो टप्पा त्याने जिंकला, परंतु वर पोहोचताच त्याला कृत्रिम प्राणवायू द्यावा लागला.

१९६८ मध्ये त्याने पॅरिस–रूबे व जीरो दीतालिया या दोन अगदी विरुद्ध प्रकृतीच्या शर्यती जिंकल्या. जीरोतील त्रे चीमे दी लाव्हारेदो या शिखरावरील टप्पा त्याने बर्फवृष्टीत पार केला. जीरो जिंकणारा तो पहिला बेल्जियन होय. पुढील वर्षी तो जीरोमध्ये आघाडीवर असताना २ जून १९६९ रोजी साव्होना येथे त्याच्या मूत्राच्या चाचणीत उत्तेजक द्रव्य आढळल्याचे जाहीर झाले व त्याला शर्यतीतून काढून टाकण्यात आले. आपण निर्दोष असल्याचे त्याने तेव्हाही सांगितले व पुढेही तो तेच सांगत राहिला. बेल्जियममध्ये प्रकरणाला राष्ट्रीय अपमानाचे स्वरूप आले. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच्यावरील बंदी उठविल्यामुळे तो टूरमध्ये प्रथमच उतरू शकला. या प्रकरणाचा शेवटचा निवाडा झाला असे म्हणता येत नाही. मात्र १९७३ व १९७७ मध्येही त्याच्या चाचण्या सदोष ठरल्या होत्या आणि १९७३ ची लोंबार्डीची शर्यत प्रथम येऊनही त्याच्या नावावर राहिली नाही. मेर्क्सचे मूल्यमापन करताना या गोष्टी वगळता येणार नाहीत. त्या काळच्या व्यावसायिक सायकलपटूंत द्रव्यांचा वापर किती रुळला होता, हेही विसरता येत नाही.

१९६९ ची टूर हा त्याच्या कारकीर्दीचा कळस मानला जातो. १५ जुलै रोजी लूशाँ ते मूराँ हा पिरेनीज पर्वतातील टप्पा सुरू झाला, तेव्हाच त्याची एकूण आघाडी आठ मिनिटांहून अधिक होती. सावधपणे मागे बसून राहणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. परंतु तूर्माले घाटाच्या माथ्यावर तो एकटाच पुढे निघाला आणि सुमारे १४० किमी. एकट्याने तोडून जवळजवळ आठ मिनिटे आधी पोहोचला. टूरच्या अखेरीस दुसऱ्या क्रमांकाचा रॉजे पँझाँ त्याच्या १७ मिनिटे ५४ सेकंद मागे होता. पिवळ्या सदऱ्याबरोबर गुणांचे व घाटांचे विजेतेपदही त्यानेच मिळविले. एका बेल्जियनाने टूर जिंकण्याचा योग १९३९ नंतर प्रथमच आला होता. ‘नरभक्षक’ हे त्याचे टोपणनाव त्याच सुमाराचे. इतरांसाठी एकही विजय तो सोडीत नाही, हे वडिलांकडून ऐकून प्यूझो संघातील क्रिस्त्यां रेमाँ याच्या लहान मुलीने ते सुचविले. पुढे हा शब्द कधी कौतुकाने, कधी रागाने वापरला गेला.

दोनच महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९६९ रोजी ब्ल्वा (फ्रान्स) येथील धावपट्टीवर मोटारसायकलीच्या मागून चालणाऱ्या एका शर्यतीत भीषण अपघात झाला. त्याच्यापुढे मोटारसायकल चालविणारा फेर्नां व्हांब्स्ट जागीच ठार झाला. मेर्क्स बेशुद्ध पडला, त्याच्या मणक्याला इजा झाली व कटिभाग पिळवटला. चढावर आपण पुन्हा कधीच पूर्वीसारखे राहिलो नाही, असे तो स्वतः सांगे. बसण्याची वेदनारहित जागा शोधण्यासाठी तो चालत्या शर्यतीतही खोगिराची उंची वारंवार बदली. त्याच्या विजयांपैकी बहुसंख्य विजय या अपघातानंतरचे आहेत, ही गोष्ट केवळ निकालांची कोष्टके वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

१९७० मध्ये त्याने जीरो व टूर या दोन्ही शर्यती जिंकल्या. १९७१ च्या टूरमध्ये मात्र स्पेनच्या लुईस ओकान्याने ओर्सियेर-मेर्लेत येथील टप्प्यात त्याला ८ मिनिटे ४२ सेकंदांनी मागे टाकले. मेर्क्सने खचून न जाता पुढच्याच टप्प्यात आरंभापासून इतका वेग ठेवला, की स्पर्धक नियोजित वेळेच्या पुष्कळ आधी मार्सेयला पोहोचले. १२ जुलै रोजी वादळी पावसात मांते घाट उतरताना ओकान्या पडला, मागून येणारा स्पर्धक त्याच्यावर आदळला व त्याला रुग्णालयात न्यावे लागले. पिवळा सदरा मेर्क्सकडे आला, पण दुसऱ्या दिवशी तो अंगावर घालण्यास त्याने नकार दिला. त्या वर्षी १२० शर्यतींपैकी ५४ त्याने जिंकल्या. दुसऱ्यांदा जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि लोंबार्डीची शर्यत जिंकून पाचही श्रेष्ठ क्लासिक शर्यतींचे वर्तुळ पूर्ण केले. १९७२ मध्ये पुन्हा जीरो व टूर जिंकल्यावर, २५ ऑक्टोबर रोजी मेक्सिको सिटी येथील विरळ हवेत त्याने एका तासात ४९.४३१ किमी. अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्यासाठी एर्नेस्तो कोल्नागो याने अत्यंत हलकी सायकल घडविली होती. हा आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रयत्न होता, असे मेर्क्सचे मत आहे. १९८४ मध्ये फ्रांचेस्को मोझेरने विशेष चाकांच्या सायकलीवर हा विक्रम मोडला. जुन्या पद्धतीच्या सायकलीवर मात्र २००० मध्ये क्रिस बोर्डमनला मेर्क्सपेक्षा जेमतेम १० मी. अधिक अंतर तोडता आले.

१९७३ मध्ये व्हुएल्ता व जीरो, आणि १९७४ मध्ये जीरो, टूर व माँट्रिऑल येथील जागतिक अजिंक्यपद अशी त्याची विजयपरंपरा चालू राहिली. ही तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळविणारा तो पहिलाच. पुढे स्टीव्हन रोश (१९८७) व तादेय पोगाचार (२०२४) यांनी तशीच कामगिरी केली. परंतु १९७४ ची जीरो त्याने अवघ्या १२ सेकंदांच्या फरकाने जिंकली होती आणि उताराची चिन्हे त्यात दिसू लागली होती. १९७५ च्या टूरमध्ये ११ जुलै रोजी प्वी द दोम या डोंगराच्या माथ्याजवळ गर्दीतील एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात ठोसा मारला. दोन दिवसांनी प्रा-लू येथील टप्प्यात तो आघाडीवर असताना अखेरच्या काही किलोमीटरांत त्याची शक्ती एकाएकी सरली आणि बेर्नार तेव्हने त्याला ओलांडून गेला. मेर्क्सने त्यानंतर पिवळा सदरा कधीच घातला नाही. पुढे पडून त्याच्या गालाचे हाड मोडले. डॉक्टरांचा सल्ला न मानता, केवळ द्रवपदार्थांवर राहून त्याने शर्यत पुरी केली व २ मिनिटे ४७ सेकंदांच्या फरकाने दुसरा क्रमांक मिळविला. दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस सहकाऱ्यांत वाटले जाणार होते, हा विचार त्यामागे होता. या हट्टाने आपली कारकीर्द कदाचित आखूड झाली, असे त्याने पुढे म्हटले आहे. १९७६ मध्ये मिलान–सान रेमो सातव्यांदा जिंकली, हा त्याचा शेवटचा मोठा विजय. मार्च १९७८ मध्ये तो अखेरची शर्यत धावला व १८ मे रोजी, तेहतिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

हौशी कारकीर्द धरून त्याच्या नावावर ५२५ विजय आहेत. त्यांत टूर व जीरो प्रत्येकी पाच, व्हुएल्ता एक, जागतिक अजिंक्यपदे तीन व पाच श्रेष्ठ क्लासिक शर्यतींतील एकूण १९ विजयांचा समावेश होतो. टूरमधील त्याच्या ३४ टप्पा-विजयांचा विक्रम मार्क कॅव्हेंडिशने २०२१ मध्ये गाठला व २०२४ मध्ये मोडला. तथापि कॅव्हेंडिश हा सपाट रस्त्यावरच्या अंतिम धावेत निष्णात होता, तर मेर्क्सचे विजय डोंगर, सपाटी व घड्याळाविरुद्धच्या एकेरी शर्यती अशा सर्व प्रकारांत विखुरलेले आहेत. त्यामुळे ही तुलना आकड्यांपुरतीच खरी.

निवृत्तीनंतर १९८० मध्ये ब्रूसेल्सजवळील मेझे येथे त्याने सायकलींचा कारखाना काढला. १९८६ ते १९९६ या काळात तो बेल्जियमच्या राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शक होता. १९९६ मध्ये बेल्जियमच्या राजाने त्याला ‘बॅरन’ हा किताब दिला. त्याचा मुलगा आक्सेल हाही व्यावसायिक सायकलपटू झाला व त्याने अथेन्स ऑलिंपिकमध्ये (२००४) रस्त्यावरील शर्यतीचे ब्राँझपदक मिळविले. मेर्क्सच्या पहिल्या टूर-विजयाला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त २०१९ ची टूर ब्रूसेल्सहून सुरू करण्यात आली. त्या शहरातील एका भुयारी रेल्वेस्थानकास त्याचे नाव दिलेले असून मेक्सिकोत विक्रम केलेली सायकल तेथे ठेवण्यात आली.